परड्यातली न्याहारी

मटकी भिजवायची शुक्रवारी रात्री, फडक्यात बांधायची शनिवारी सकाळी आणि सोडायची रविवारी उजाडताना. गाठ सैल राहिली तर मोड धड येत नाहीत, फार आवळली तर मटकी घुसमटते आणि आंबूस वास मारते. हे मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकलो, आणि त्या चुका घरातल्या माणसांनी खाल्ल्या. सुनंदा, माझी बायको, सरकारी दवाखान्यात नर्स होती. शनिवारची रात्रपाळी बहुतेक तिच्याच वाट्याला यायची, कारण ज्यांच्या वरपर्यंत ओळखी होत्या त्यांना रविवार मोकळा हवा असायचा. रविवारी साडेआठच्या सुमाराला ती घरी यायची, परड्यातल्या दगडावर पाय धुवायची आणि भिंतीला टेकून बसायची. त्या वेळी तिच्यासमोर गरम ताटली आली पाहिजे, एवढं मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा का होईना, पण सुचलं. थोरली मनू सहा वर्षांची होती, धाकटा बाबू नुकता चालायला लागला होता. मला स्वयंपाकातला चहा तेवढा येत होता, आणि त्याबद्दलही घरात दुमत होतं.

सुरुवात उप्पीटानं केली. पहिल्या उप्पीटाची वडी पडली. दुसरं इतकं पातळ झालं की सुनंदा म्हणाली, "हे पेशंटला चालेल." पोह्यांचं गणित मला महिनाभर सुटलं नाही. अगोदर भिजवले की लगदा, आयत्या वेळी भिजवले की दाताला लागायचे. शेवटी मी मिसळीकडे वळलो. कोल्हापुरात राहून मिसळ न येणं हे नदीकाठी राहून पोहता न येण्यासारखं आहे, लोक बोलून दाखवत नाहीत एवढंच. चौथ्या की पाचव्या रविवारी रश्शावर तेलाचा लाल कट नीट आला. सुनंदानं ब्रेडचा तुकडा त्यात बुडवला, तोंडात टाकला, "कट जमलाय," म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी तेव्हा एका छापखान्यात होतो आणि माझं मुख्य काम मानपत्रं लिहिण्याचं होतं. आमच्या शहरात सत्काराला कारण लागत नसे, हॉल लागत असे. सोसायटीच्या संचालकापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना मी ज्ञानाचे सागर आणि सेवेचे हिमालय करून ठेवलेलं आहे. पण दोन शब्दांत एवढं खरं मानपत्र मला कधी लिहिता आलं नाही. आता तर तो धंदाच बुडाला. फ्लेक्सला मजकूर लागत नाही, फोटो लागतो.

आम्ही शिरोळकडचे जैन शेतकरी. मांस, मासे, अंडं घरात येत नाही. गावाकडून आई वर्षातून दोनदा यायची, आणि आल्या आल्या एकेका डब्याचं झाकण काढून हुंगायची. ती असेपर्यंत कांदा-लसणाची चटणी दत्तूमामांच्या घरी पाहुणी म्हणून जायची. दत्तूमामा आमचे शेजारी. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी तालमीत गेलेले. त्यांचा आवाज असा की त्यांच्या घरातली कुठलीच गोष्ट गल्लीत कुणाला विचारावी लागत नसे.

घर आमचं दोन खोल्यांचं, पण मागचं परडं तीन घरं मावतील एवढं. शहर तेव्हा तिथं संपायचं. कुंपणाच्या तारेपलीकडे ऊस होता, आणि आमच्या बाजूला पेरूचं झाड, कढीपत्ता, एक जळणाचा ढीग आणि सुनंदाचा पाय धुवायचा दगड. आज तिथं सहा मजली इमारत आहे आणि तिच्या नावात 'ग्रीन' हा शब्द आहे. त्या काळात हिरवं म्हणावं असं नाव कशालाच नव्हतं, पण वस्ती मोठी होती. खारी पेरू अर्धा खाऊन टाकायच्या, पूर्ण एकही नाही. भारद्वाज तपासणीला आलेल्या साहेबासारखा छाती काढून फिरायचा आणि काहीही न करता निघून जायचा. एक धामण होती, ती उन्हाला दगडावर पडायची आणि आम्ही पाय धुवायला आलो की नाइलाजानं उठायची. वर्षातून एकदा घोरपड यायची, तेव्हा दत्तूमामा तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती मला आवडत नसे. ऊस तोडला की त्यातलं सगळं गाव आमच्याकडे उतरायचं.

त्या गावातल्या घुशींनी मात्र मर्यादा सोडली. मागच्या दाराची खालची फळी कुरतडून त्या आत यायच्या. शेंगदाण्याचं पोतं फोडलं, मोरीखाली भुयार काढलं, आणि एका रविवारी पहाटे बघतो तर मटकीचं पातेलं उपडं, फडकं फाटलेलं आणि मोड आलेली मटकी चार दाणे सोडून गायब. त्या दिवशी सुनंदाला मी चहा-बिस्किटं दिली. तिनं ती खाल्ली, पण मला ते लागलं. दत्तूमामांना कुंपणावरूनच सगळं कळलं होतं.

"अण्णा, औषध ठेवा की. एका रातीत इषय संपतोय."

"आमच्यात मारत नाहीत, मामा."

"तुमच्यात मारत न्हाईत, पर घुशीच्यात खात्यात, त्येचं काय?"

मी पिंजरा आणला. तेल लावलेला भाकरीचा तुकडा आत अडकवला की घूस यायची, दार खाली पडायचं, आणि सकाळी मी पिंजरा स्कूटरवर पायांत धरून नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे जायचो. तिथल्या उसाच्या कडेला दार उघडून द्यायचं आणि हात झाडायचे. अहिंसाही झाली आणि घूसही गेली, असा माझा समज होता. तिसऱ्या खेपेला एक माणूस सायकल हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं.

"काय सोडाय लागलाय, पावणं?"

"घूस."

"आमच्या गावात?"

"गावात नाही, उसात."

"मग ऊस कुणाच्या बाचा हाय?"

तेवढ्यात त्याच्या पोत्यातून खुडबुड ऐकू आली. मी विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?" तो नदीकडे बघायला लागला.

"घूसच की," तो म्हणाला. "पूल वलांडून तिकडं तुमच्या अंगाला सोडाय निघालतो."

मग आम्ही दोघंही हसलो. दोन्ही पिंजरे तिथंच उघडले आणि पुलाजवळच्या टपरीवर चहा प्यालो. त्याचं नाव शामराव. तोही माळकरी घरातला, न मारणारा. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या घुशींची संख्या आम्ही दोघांनी मिळून अजिबात कमी केली नव्हती, फक्त त्यांना आमच्या वाहनांवरून फिरवून आणत होतो. हे कळूनही मी पिंजरा लावायचा थांबलो नाही. सत्कर्माची एकदा सवय लागली की त्याचा हिशेब तपासायचा नसतो.

पुढं घुशी शहाण्या झाल्या आणि भाकरीला तोंड लावेनात. पंधरा दिवस पिंजरा रिकामा. मग एका शनिवारी सकाळी मनू ओरडत आली. पिंजऱ्यात मुंगूस होतं. राखी अंग, लालसर डोळे, आणि शेपूट फुलवून तारेवर धडका देत होतं. पिंजऱ्याला कसलातरी उग्र वास येत होता, तो मी मुंगसाच्या नावावर टाकला. दत्तूमामा कुंपणापाशी उभे होते आणि, जे कधी होत नसे, गप्प होते. आमच्याकडे मुंगूस दिसलं की मुलं त्याला देवाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. मनूनं हात जोडून शपथ घातली. ते मुंगूस खरोखर थांबलं, वळलं आणि तिच्याकडे बघत राहिलं.

तिथंच दार उघडलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. मुंगसानं आमचं काही खाल्लं नव्हतं. पण पिंजरा भरला की स्कूटर काढायची, हे हातापायांत बसलं होतं. मी त्याला पूल ओलांडून नेलं आणि सोडलं. घरी येऊन मनूला भूतदयेवर चार वाक्यंही सांगितली. मानपत्राची भाषा घरात येऊ नये म्हणून मी एरवी जपायचो, त्या दिवशी विसरलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कांदा परतत होतो. मनू परड्याच्या पायरीवर आईची वाट बघत बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "पप्पा, जळणात कोणतरी रडतंय."

"पाखरू असेल."

"पाखरू असं रडत नाही."

सुनंदा आली, दगडावर पाय ठेवला आणि तांब्या हातात तसाच धरून उभी राहिली. मग तिनं ढिगातली दोन लाकडं बाजूला केली. आत तीन पिल्लं होती. डोळे उघडलेले, लाटण्याच्या निम्म्या लांबीची, एकमेकांच्या अंगावर चढत बारीक चिरक्या आवाजात बोंबलत होती. सुनंदानं माझ्याकडे बघितलं.

"काल सोडून आलात तिचं पोट बघितलं होतं का तुम्ही? दुधाची होती का?"

"तोंड बघितलं," मी म्हणालो.

मनूला सगळं कळायला थोडा वेळ लागला. ती एकदा पिल्लांकडे, एकदा रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, "आईची ड्यूटी संपली की आई येते. हिची कधी संपणार?" त्या दिवशीच्या मिसळीचा कट चांगला आला होता. मनूनं ताटलीला हात लावला नाही, आणि माझ्याशी बोलायचंही बंद केलं.

मी गॅस बंद केला आणि पिंजरा घेऊन निघालो. कशाला, ते मलाही नीट माहीत नव्हतं. सोडलेलं मुंगूस पुन्हा पिंजऱ्यात येऊन बसेल अशी आशा करण्याइतका मी भाबडा नव्हतो, पण घरात बसवत नव्हतं. पुलापलीकडे उसाच्या कडेनं वाकून बघत चाललो होतो, तर शामराव भेटला.

"आज काय आणलंय?"

"काल मुंगूस सोडलं होतं. ते शोधतोय."

"त्येला काय हितंच थांब म्हणून सांगून गेलतासा व्हय?"

"पिल्लं आहेत तिची. घरी."

त्यानं सायकल झाडाला लावली आणि माझ्याबरोबर उसात शिरला. दोन तास आम्ही बांधाबांधानं फिरलो. पात्यांनी त्याचे हात कापले, माझा चष्मा दोनदा पडला. घोरपड दिसली, ससा दिसला, मुंगूस नाही. निघताना शामराव म्हणाला, "पावणं, ती तुमच्या आदी घरला पोचंल बघा. पिल्लांचं हाय."

"मध्ये नदी आहे, शामराव."

"पूल काय तुमच्या एकट्यासाठी बांधलाय व्हय?"

घरी आलो तर सुनंदा रात्रपाळी करूनही झोपली नव्हती. सलाईनच्या बाटल्यांच्या खोक्यात जुनं लुगडं अंथरून तिनं पिल्लं त्यात ठेवली होती, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि खोका जळणाच्या ढिगाला टेकून. ड्रॉपरनं ती दूध पाजायला बघत होती. पिल्लं तोंड फिरवायची, दूध हनुवटीवरून खाली. आज वन खात्याला फोन करता येतो, आणि मुंगूस पकडणं हाच गुन्हा आहे हेही मला नंतर वाचून कळलं. तेव्हा आमच्याकडे फक्त दत्तूमामा होते. ते कुंपणाच्या तारेतून वाकून आत आले, आणि बराच वेळ टॉवेलानं मान पुसत राहिले.

"अण्णा, येक सांगतो, रागावू नगा."

"काय?"

"तुमच्या पिंजऱ्यात म्या सुका बोंबील ठेवलाता. म्हटलं, घूस भाकरीला कटाळली असंल. जराशी मदत करावी."

जैनाच्या परड्यात, अहिंसेच्या पिंजऱ्यात, सुका बोंबील. मी काहीतरी कडक बोलायच्या तयारीत होतो, पण सुनंदा खोक्याशी बसल्या बसल्या हसायला लागली. इतकी हसली की बाबूही उगीच हसला. मनू तेवढी हसली नाही. दत्तूमामांना धीर आला. "आनि ह्यास्नी दूध न्हाय चालायचं," ते म्हणाले. "मांस खाणारी जात हाय ती. अंडं द्या."

पिल्लांचा आवाज सकाळपेक्षा बारीक झाला होता.

"आणा," सुनंदा म्हणाली.

मी म्हणालो, "आईला कळलं तर..."

"आई आल्या की मी सांगेन. दवाखान्यात पेशंटला मी अंडं भरवते, तेव्हा कुणी माझं कूळ विचारत नाही. आणि ही तुम्हीच पोरकी केलीत."

ते खरं होतं. तोड एवढीच निघाली की स्वयंपाकघरात नको. मी रॉकेलचा स्टोव्ह परड्यात नेला, एक जुनी अॅल्युमिनियमची ताटली त्या कामाला वेगळी काढली. दत्तूमामांनी घरून अंडी आणली आणि वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहतो तसे माझ्या डोक्यावर उभे राहिले. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात मी अंडं हातात धरलं नव्हतं. ते इतकं जड आणि गुळगुळीत असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्यांदा इतकं हळू आपटलं की काही झालं नाही. दुसऱ्यांदा ते माझ्या मनगटावर फुटलं.

"दमानं, अण्णा! नारळ न्हाय त्यो!"

तिसरं जमलं, कवचाचे तुकडे चमच्यानं काढावे लागले एवढंच. ते फेटून, स्टोव्हवर नुसतं कोमट करून ताटलीत ओतलं. मनू कधी शेजारी येऊन बसली ते कळलं नाही. माझ्याकडे न बघता तिनं ताटली माझ्या हातून घेतली आणि खोक्यात ठेवली. थोरल्या पिल्लानं नाक बुडवलं, शिंकलं आणि चाटायला लागलं. मग दुसरं. तिसरं, सगळ्यांत लहान, दोघांच्या अंगावरून घसरत थेट ताटलीतच उतरलं. थोडा वेळ चाटण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. आमची मिसळ आत गार झाली होती, पण त्या रविवारची न्याहारी मी केली नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.

आईला हे पुढं सुनंदानं खरंच सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताटली येगळी होती न्हवं?"

सोमवारी आणि मंगळवारी कामावर जाण्याआधी मी परड्यात अंडं करायचो आणि मग आत येऊन आमचे पोहे. मनू माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही बाबूच्या मार्फत. "बाबू, पप्पांना सांग, अंडं झालं." बाबूला तेव्हा तीनच शब्द येत होते. मंगळवारी लहान पिल्लानं ताटलीकडे तोंड फिरवलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. सुनंदानं त्याला तळहातावर घेतलं, पोटाला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "उद्यापर्यंत बघू." हे ती कोणत्या आवाजात म्हणाली ते मला कळलं. तोच आवाज ती पेशंटच्या नातेवाइकांसाठी वापरत असणार. मनूलाही कळलं असावं, कारण त्या दिवशी ती शाळेत गेली नाही आणि आम्हीही तिला जा म्हटलं नाही.

बुधवारी सकाळी मी पोह्यांची फोडणी करत होतो. मनू खिडकीशी होती. "पप्पा," ती म्हणाली. तीन दिवसांत तिनं मला मारलेली पहिली हाक. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो, सुनंदा बाबूला कडेवर घेऊन आली. तारेखालून एक मुंगूस आत आलं होतं. ते सरळ आलं नाही. पेरूला वळसा घातला, स्टोव्हची जागा हुंगली, दगडावर चढून उतरलं, आणि मग खोक्यावर पुढचे पाय टेकून आत वाकलं. थोरल्या पिल्लाची मान तोंडात धरून ते तारेखालून उसात गेलं. दत्तूमामा त्यांच्या बाजूच्या कुंपणापाशी तोंडात मिश्री घेऊन उभे होते, त्यांनी हात वर करून आम्हाला थांबा म्हटलं, जसं काही आम्ही हलणार होतो. बऱ्याच वेळानं ते परत आलं आणि दुसरं नेलं.

तिसऱ्या खेपेला ते खोक्याशी थांबलं. लहान पिल्लाला त्यानं नाकानं ढोसलं. पिल्लू हललं नसावं, कारण मुंगूस मागं सरलं, वळलं आणि तोंडात काही न घेता तारेपर्यंत गेलं. मनूनं माझ्या सदऱ्याची कड मुठीत धरली होती. मी मनातसुद्धा शपथ घातली नाही, कारण घालायचा अधिकार मला उरला नव्हता. तारेपाशी मुंगूस मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, इकडंतिकडं बघितलं, पुन्हा आलं, खोक्यात पार कमरेपर्यंत वाकलं आणि त्या काडीएवढ्या पिल्लाला उचलून घेऊन गेलं. आत पोहे जळाल्याचा वास घरभर झाला होता.

"तीच की!" दत्तूमामांचा नेहमीचा आवाज परत आला होता. "पूल वलांडून आली बगा!"

"तीच," सुनंदाही म्हणाली.

पण मनू त्या दोघांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "पप्पा, पिंजऱ्यातली तीच होती का?"

मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांबद्दल छातीठोकपणे लिहून पोट भरत होतो. इथं तर नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण पिंजऱ्यातल्या मुंगसाला मी पाहिलं होतं घाईनं, आणि याच्या तोंडात दर खेपेला पिल्लू होतं. "मला माहीत नाही, मनू," मी म्हणालो. "तीच असेल. पिल्लांचा बाप असेल. दुसरीच कोणी असेल." सुनंदानं माझ्याकडे असं बघितलं की मी यादी तिथंच थांबवली.

मनूनं बराच विचार केला. "ती नसली तर मग ती अजून चालतच असेल," ती म्हणाली. "उद्या पण अंडं ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी दत्तूमामांकडून अंडं आणलं, स्टोव्ह परड्यात नेला, अंडं फोडून कोमट केलं. कवचाचा एकही तुकडा पडला नाही. ताटली रिकाम्या खोक्याशेजारी ठेवून आत आलो, तर मनू पाटावर मांडी घालून बसली होती.

"आता आमचं करा," ती म्हणाली.